मशीनताई आणि पणजोबांचं रिव्हॉल्व्हर

मशीनताईच्या दुकानाला पाटी नव्हती. दारात शिलाई मशीनचं एक जुनं चाक टांगलेलं होतं, तीच तिची पाटी. आत एक लांब टेबल, टेबलावर पोट उघडून ठेवलेली दोन-तीन मशिनं, भिंतीला खिळ्यांवर अडकवलेले पट्टे आणि कोपऱ्यात तिच्या वडिलांचं स्टूल. वडील बसायचे तेव्हाही ते डुगडुगायचं, ती बसायला लागली तेव्हाही डुगडुगत होतं. ते तेवढं तिनं कधी दुरुस्त केलं नाही.

तिचं खरं नाव आता तिच्या मतदार कार्डापुरतं उरलं होतं. गल्लीला, शिंप्यांना, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांना ती मशीनताईच होती. सुरुवातीला गिऱ्हाईक दारात उभं राहून आत डोकावायचं आणि विचारायचं, मिस्त्री कुठे गेलेत? ती मान वर न करता म्हणायची, "तुमच्यासमोर बसलेत." काही जण मशीन उचलून परत जायचे. त्यातले बरेचसे महिनाभरात पुन्हा यायचे, कारण दुसरीकडे मशीन आणखी बिघडलेलं असायचं. अशा लोकांना ती रांगेत सगळ्यात शेवटी बसवायची आणि तसं तोंडावर सांगायचीही. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायची, वेळ मिळाला नाही. पुन्हा विचारलं तर सांगायची, अजूनही वेळ नाही.

एकोणिसाव्या वर्षी एका शिंप्यानं तिला सांगितलं होतं की मशीन बंद आहे. तिनं सुईखाली बोट घातलं, त्याचा पाय चुकून पायडलवर पडला आणि सुई नखातून आरपार गेली. तेव्हापासून 'बंद आहे' या शब्दांवरून तिचा विश्वास उडाला तो कायमचा. कुठलंही मशीन आलं की आधी प्लग काढायचा, मग सुई काढायची, मग पट्टा उतरवायचा आणि मगच झाकणाला हात लावायचा. कारखान्यातली पोरंसोरं तिच्या या रीतीला हसायची. ती म्हणायची, हसा, दहाही बोटं शाबूत असलेल्या माणसाला हसणं परवडतं.

वडील एक्याण्णवाव्या वर्षी गेले. ते थोरल्या भावाकडे, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहत. खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली त्यांनी तीन वर्षांपूर्वीच मशीनताईच्या हातात दिली होती. तू उघड, मी गेल्यावर, असं म्हणाले होते. इतकंच. तिनंही जास्त विचारलं नाही. भावाला मात्र ही किल्ली तीन वर्षं खुपत होती. मुलगा घरात असताना किल्ली मुलीकडे, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. त्याचा गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यवसाय होता, नवीन बंगल्याचं काम चालू होतं, आणि चार लोकांत आपलं वजन पडावं याची त्याला फार हौस होती. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण म्हणू ते सगळ्यांनी ऐकावं, ही त्याची साधी अपेक्षा होती आणि ती बहिणीनं कधीच पुरी केली नव्हती.

वडील जाऊन महिना झाल्यावर, एका रविवारी सकाळी तिघं त्या खोलीत जमली. भाऊ, वहिनी आणि मशीनताई. कपाटात वडिलांचे सदरे होते, चष्म्यांची रिकामी घरं होती, बंद पडलेली घड्याळं होती. सगळ्यात खालच्या कप्प्यात, स्वेटरांच्या तळाशी, एक लाकडी पेटी निघाली. पेटीत तेलानं काळा पडलेला फ्लॅनेलच्या कापडाचा तुकडा, आणि त्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर.

"पणजोबांचं!" भाऊ म्हणाला आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं ते उचललंसुद्धा.

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. पणजोबा सरकारी खजिन्यावर पहारेकरी होते, दरोडा पडला, त्यांनी एकट्यानं दरोडेखोर पळवून लावले आणि मोठ्या साहेबानं खूश होऊन स्वतःच्या कमरेचं पिस्तूल काढून त्यांना दिलं. लहानपणी ही गोष्ट आजोबा सांगत, मग भाऊ सांगायला लागला. दर खेपेला दरोडेखोर वाढत गेले. प्रत्यक्ष पिस्तूल मात्र कुणी पाहिलं नव्हतं. वडिलांसमोर विषय निघाला की ते उठून बाहेर जात.

भाऊ कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला. हात लांब करून त्यानं नेम धरला. वहिनीला म्हणाला, मोबाईलवर एक फोटो काढ. त्याचं बोट चापावर होतं आणि अंगठा मागच्या घोड्यावर.

मशीनताईची नजर मात्र पिस्तुलाच्या मधल्या भागावर खिळली होती. गोळ्या भरायची जी गोल फिरती चक्री असते, तिच्या कडेला बारीक बारीक खाचा होत्या आणि त्या खाचांमधून पितळी खिळ्यांची टोकं बाहेर आलेली होती. टाचणीपेक्षा थोडी जाड. तिनं मोजली. सहा खाचा असाव्यात. दिसणाऱ्यांपैकी तीन खाचांत खिळा होता, एक रिकामी होती. आणि घोड्याचं नाक एका खिळ्याच्या डोक्यावर अगदी टेकलेलं होतं. पिस्तुलाबद्दल तिला काडीचीही माहिती नव्हती. पण यंत्राचा एखादा भाग दुसऱ्या भागावर आपटण्यासाठीच बनवलेला असतो तेव्हा तो कसा दिसतो, हे तिला पस्तीस वर्षांच्या कामानं शिकवलं होतं. काही खाचांत खिळे आणि एक रिकामी, याचा अर्थ खिळे पिस्तुलाचे नव्हते. आत भरलेल्या वस्तूचे होते.

"दादा, चापावरचं बोट काढ," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही.

तो हसला. म्हणाला, शंभर वर्षांचा डबा आहे, मेलाय केव्हाच. आणि खिळ्यांपैकी एकावर त्यानं नखानं टिचकी मारायला हात पुढे आणला.

"ते भरलेलं आहे. टिचकी मारू नकोस. बोट काढ, अंगठा काढ, आणि नळी बाहेरच्या भिंतीकडेच राहू दे. आमच्याकडे वळायचं नाही."

तिच्या बोलण्यात काहीतरी असं होतं की भावाच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवट राहिलं. वहिनीनं मोबाईल खाली केला आणि ती दाराकडे सरकली. मशीनताईनं पलंगावरची गादी दुमडून बाहेरच्या दगडी भिंतीला लावली आणि भावाला एकेक गोष्ट सांगत गेली. हळू. नळी भिंतीकडे. आता गादीवर टेकव. आपटू नकोस. सोड. त्यानं सोडलं. त्याच्या तळहाताला घाम आला होता आणि तो पाहून त्याला बहिणीचाच राग आला.

तिनं दोघांना बाहेर काढलं, खिडकी लावली, दार ओढून कुलूप घातलं आणि ती किल्लीही आपल्या कमरेला लावली.

मग जे व्हायचं ते झालं. भाऊ म्हणाला, घर माझं आहे. ती म्हणाली, असेल, किल्ली माझ्याकडे आहे. तो म्हणाला, तुला एवढी भीती वाटत असेल तर मी संध्याकाळी जाऊन ते कालव्यात टाकून येतो, कुणाला कळणार नाही. कालव्यात उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असतं आणि पोरं त्यात खेळत असतात, याची तिनं त्याला आठवण करून दिली. मग तो म्हणाला की टाकायचं तरी कशाला, नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत लावू, पणजोबांची आठवण राहील. वहिनी मधे पडली आणि म्हणाली की भरलेलं पिस्तूल दिवाणखान्यात लावणार असाल तर मी माहेरी जाते. तो म्हणाला, आधी रिकामं करून घेऊ, माझ्या ओळखीत माणूस आहे.

तो माणूस दुपारी चारला हजर झाला. जुन्या वस्तूंचा दुकानदार, पांढरा शर्ट, दोन्ही हातांत अंगठ्या. मशीनताई तोवर वरच्या खोलीच्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसली होती. दुकानदारानं फार गोड बोलून सुरुवात केली. आपण अशी शंभर पिस्तुलं हाताळली आहेत, यात अवघड काही नाही, आधी रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, मग घोडा दोन-तीनदा ओढून बघायचा, अडकलेल्या गोळ्या मागून काठीनं ठोकून काढायच्या आणि तारेच्या ब्रशनं घासून चकाचक करायचं. घासल्यावर कसं चांदीसारखं दिसतं बघा, म्हणाला.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "गंज घासाल तर त्याच्याखालचे शिक्केही घासले जातील. आणि ठोकाल तर तुमची बोटं जातील, ती अंगठ्यांसकट. दार उघडणार नाही."

"बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. म्हणून हात लावत नाही. तुम्हालाही कळत नाही, पण तुम्ही हात लावायला निघालात. आपल्या दोघांत एवढाच फरक आहे."

दुकानदार खाली जाऊन भावाशी कुजबुजला आणि चहा न घेता गेला. भाऊ त्या दिवशी तिच्याशी पुन्हा बोलला नाही. निघताना ती दोन्ही किल्ल्या घेऊन गेली.

सोमवारी तिनं दुकान उघडलं नाही. सकाळी दहाला ती पोलीस ठाण्यात जाऊन उभी राहिली. टेबलामागच्या कारकुनानं तिचं म्हणणं ऐकलं आणि सांगितलं की पिस्तूल घेऊन या, मग बघू.

भरलेलं पिस्तूल पिशवीत घालून बसमधून आणू का, असं तिनं विचारलं. कारकून म्हणाला की ते भरलेलं आहे की नाही हे आम्ही ठरवू. मग ते ठरवायला माणूस पाठवा, ती म्हणाली. त्यानं पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"घरात पुरुष कोण आहे? त्यांना पाठवा."

"कपाटाची किल्ली वडिलांनी मला दिली, त्यामुळे वस्तू माझ्या ताब्यात आहे. जे विचारायचं ते मला विचारा."

तिच्या ताब्यात विनापरवाना हत्यार आहे असं ती स्वतःच कबूल करते आहे, हे लक्षात येतंय का, असं त्यानं विचारलं. गुन्हा लागू शकतो. ती म्हणाली, लागत असेल तर लावा, पण काल सकाळी अकरा वाजता ते सापडलं आणि आज दहा वाजता मी इथे सांगायला आले, हेही त्याच कागदावर लिहा. तिनं घरूनच अर्ज लिहून आणला होता, त्याची दुसरी प्रतही होती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि वेळ हवी, म्हणाली. तो म्हणाला, साहेब जेवायला गेल्यात. सकाळी सव्वादहाला कोण जेवतं, असं विचारायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि बाकावर जाऊन बसली.

ती दीड वाजेपर्यंत बसली. मधे दोन वेळा कारकुनानं तिला उद्या यायला सांगितलं. दोन्ही वेळा तिनं उद्याही येईन म्हटलं आणि उठली नाही. बसायची तिला सवय होती. अडकलेला एक स्क्रू सोडवायला ती सबंध दुपार देत असे. शेवटी इन्स्पेक्टरबाई बाहेर आल्या. वयानं तिच्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी अर्ज उभ्यानंच वाचला. अर्जाच्या खाली मशीनताईनं पेन्सिलीनं चित्र काढलं होतं: चक्री, खाचा, खिळे, खिळ्यावर टेकलेला घोडा. मापं अंदाजानं, तसं खाली लिहिलेलं. इन्स्पेक्टरबाईंनी चित्राचा मोबाईलवर फोटो काढून कुणाला तरी पाठवला. पाच मिनिटांत फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी विचारलं, "आत्ता ती खोली कुलूपबंद आहे का? किल्ली कुणाकडे?"

मशीनताईनं कमरेची किल्ली दाखवली. मग अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्काही मारून घेतला.

शस्त्रागारातला मिस्त्री बुधवारी आला. निवृत्तीला आलेला, उंच, वाकलेला, डाव्या कानानं कमी ऐकणारा. सोबत दोन शिपाई, वाळूनं भरलेली बादली, जाड हातमोजे आणि डोळ्यांवर लावायचे चष्मे. भाऊ जिन्याच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा होता. मिस्त्रीनं खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांना अंगणात जायला सांगितलं. मग त्यानं चित्र कुणी काढलं ते विचारलं आणि मशीनताईला उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं.

त्यानं पिस्तूल लगेच उचललं नाही. आधी गुडघ्यावर बसून चहूबाजूंनी नुसतं पाहिलं. पाठीमागे हात बांधून. ते पाहून मशीनताईला तो माणूस आवडला.

तो बोलत होता, अर्धं स्वतःशी आणि अर्धं तिच्याशी. हे खिळ्याच्या काडतुसांचं पिस्तूल. प्रत्येक काडतुसाच्या बुडाला आडवा खिळा असतो, त्यावर घोडा पडला की आतली दारू पेटते. खिळा बाहेर असल्यामुळे काडतूस नुसतं जमिनीवर पडलं तरी उडू शकतं, म्हणून पुढे ही पद्धत बंद झाली. जुनी दारू मेलेली असते असं लोक समजतात. काही मरते, काही मरत नाही, आणि कुठली मेली हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

"भावानं टिचकी मारायला बोट नेलं होतं," ती म्हणाली.

मिस्त्रीनं मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला. तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं अंगणाच्या दिशेनं एकदा पाहून घेतलं.

घोडा भरलेल्या खिळ्यावर टेकलेला होता, त्यामुळे तो ओढायचा नाही आणि चक्री फिरवायचीही नाही, असं त्यानं ठरवलं. नळीखाली एक स्क्रू होता. तो सुटला की नळी आणि चक्री दोन्ही पुढच्या बाजूला सरकवून घोड्यापासून लांब नेता येणार होत्या. स्क्रू शंभर वर्षांचा, गंजानं बसलेला. मिस्त्रीनं तेलाचा थेंब सोडला, वाट पाहिली, स्क्रूड्रायव्हर लावला. तो घसरला. दुसरा लावला, तोही घसरला. खाच लांब होती, पण बारीक आणि उथळ. त्याचे स्क्रूड्रायव्हर धारेला जाड होते.

"माझ्याकडचा बघा," मशीनताई म्हणाली आणि पिशवीतून तिनं आपला स्क्रूड्रायव्हर काढला. जुन्या मशिनांचे असेच लांब, बारीक खाचेचे स्क्रू असतात, त्यांच्यासाठी तिनं स्वतः दगडावर घासून तो तयार केला होता. मिस्त्रीनं तो उजेडात धरून पाहिला. धार दोन्ही बाजूंनी सारखी, टोक चौकोनी.

"हा तुम्ही घासलाय?"

"मग काय दुकानात मिळतो?"

तो हसला. तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, तिला आपल्या मागे, नळीच्या रेषेबाहेर उभं केलं आणि बॅटरी धरायला दिली. जोर लावू नका, ती म्हणाली, आधी घट्ट करायच्या दिशेनं केसभर फिरवा, गंज तुटेल, मग उलटा. त्यानं तसंच केलं. बारीक कुरकुर झाली आणि स्क्रू हलला. पुढे दहा मिनिटं लागली. नळी सुटली, चक्री घोड्यापासून अलग झाली आणि मिस्त्रीनं ती हातमोज्यातल्या दोन बोटांनी उचलून वाळूच्या बादलीत ठेवली. आत चार काडतुसं होती. तीन इंचांवरून पाहूनच त्यानं सांगितलं की चक्रीतली उरलेली दोन घरं कधीतरी, फार पूर्वी, झाडलेली आहेत.

पणजोबांच्या गोष्टीत पिस्तूल कधीच झाडलेलं नव्हतं. साहेबानं दिलं आणि त्यांनी ते जपून ठेवलं, अशीच ती होती.

काडतुसं नष्ट करणाऱ्या पथकाकडे बादली गेली. पिस्तुलाचा उरलेला भाग पंचनाम्यासाठी खाली टेबलावर आणला तेव्हा भाऊ पुढे झाला आणि मिस्त्रीला त्यानं ती दरोडेखोरांची गोष्ट सांगितली. मिस्त्रीनं शांतपणे ऐकून घेतली. मग भिंग काढून त्यानं शिक्के दाखवले. एक लंबगोल शिक्का, त्यात तीन अक्षरं. हा समुद्रापलीकडच्या बंदुका बनवणाऱ्या एका गावातला तपासणीचा शिक्का. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. म्हणजे साधं, बाजारी पिस्तूल. हजारोंनी बनलं, दुकानातून विकलं गेलं. साहेब लोक असलं कमरेला लावत नसत.

"म्हणजे तुम्ही म्हणताय माझे पणजोबा खोटं बोलले?" भाऊ म्हणाला.

"मी फक्त लोखंड वाचतो," मिस्त्री म्हणाला. "माणसं मला वाचता येत नाहीत."

मग त्यानं मुठीचा तळ दाखवला. तिथे तीन आकडे होते, वाकडे, हातानं ठोकलेले. कारखान्याचे आकडे सरळ रेषेत असतात. हे इथल्या कचेरीनं परवाना देताना ठोकलेले होते. म्हणजे कधीकाळी या पिस्तुलाची इथे रीतसर नोंद झाली होती.

भावाला त्यात रस उरला नाही. तो म्हणाला, झालं ना आता, सरकारजमा करा आणि विषय संपवा. मशीनताई म्हणाली, विषय माझ्यासाठी आत्ता सुरू झालाय.

कचेरीतल्या जुन्या नोंदवह्या तळघरात होत्या. त्या पाहायला अर्ज लागतो, असं तिला सांगितलं गेलं. तिनं अर्ज दिला. वारस असल्याचा पुरावा लागतो. तो दिला. वाळवीनं खाल्ल्यात, काही मिळणार नाही. ती म्हणाली, न मिळालेलंही मला बघायचंय. तीन आठवडे ती दर मंगळवारी जात राहिली, आणि चौथ्या मंगळवारी तळघराच्या रखवालदारानं, या बाईपुढे हात टेकले म्हणत, तिला आत सोडलं. सोबत इन्स्पेक्टरबाईंनी दिलेलं पत्र होतंच.

सहाव्या वहीत तो आकडा सापडला. पानाचा खालचा कोपरा वाळवीनं नेला होता, पण वरचं शाबूत होतं. धारकाच्या रकान्यात पणजोबा नव्हते. तिथे पणजीचं नाव होतं, पुढे लिहिलेलं: विधवा, धंदा लाकडाच्या वखारीचा, वखारीवर एकटी राहते, सबब संरक्षणासाठी स्वतः खरेदी. शेऱ्याच्या रकान्यात वेगळ्या शाईत दोन ओळी होत्या. वखारीत शिरलेले इसम हटवण्यासाठी दोन वेळा हवेत झाडले; धारक बाईनं दुसऱ्या दिवशी स्वतः कचेरीत येऊन सांगितलं. त्याखाली अंगठा. त्यापुढची ओळ वाळवीच्या पोटात.

मशीनताई उभ्याउभ्याच ते तीन वेळा वाचत राहिली. पणजीबद्दल तिला घरात एवढंच सांगितलेलं होतं की ती फार तिखट होती आणि तिच्या हाताला चव नव्हती. घरची जुनी वखार पणजोबांनी पहाऱ्याच्या नोकरीच्या जोडीनं काढली होती, असं सगळे म्हणत. पणजोबा तरुणपणी वारले होते हे माहीत होतं, पण मग वखार चालवली कुणी, हा प्रश्न चार पिढ्यांत कुणालाच पडला नव्हता. तिलासुद्धा नाही. त्याचीच तिला जास्त लाज वाटली. वडील उठून बाहेर का जात, हेही तिला आता थोडंफार कळल्यासारखं वाटलं, पण खात्रीनं सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

तिनं पानाची शिक्क्याची नक्कल घेतली आणि थेट भावाच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं होती, म्हणून काउंटरवर नक्कल ठेवून उभी राहिली. त्यानं वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाला की हे असेल, पण घरची गोष्ट घरात राहू दे, इतकी वर्षं लोकांना पणजोबांचं सांगत आलो, आता काय तोंड दाखवू.

"तुझं तोंड तुझं तू सांभाळ," ती म्हणाली. "तिची वखार आपण नवऱ्याच्या नावावर केली. तिचं पिस्तूल साहेबाच्या नावावर केलं. दोन गोळ्या झाडून ती स्वतःच्या पायांनी कचेरीत गेली, तेही आपण पुसून टाकलं. आता पुरे."

तो गिऱ्हाइकाकडे वळला. नक्कल मात्र त्यानं परत दिली नाही. गल्ल्याच्या काचेखाली सरकवून ठेवली. तिनं ते पाहिलं आणि मागितली नाही. दुसरी काढून घेता येत होती.

पिस्तूल सरकारजमा होऊन भट्टीत जाणार होतं. घरी ठेवायचं तर तिला परवाना हवा, आणि तो तिला नको होता. असलं काही उशाशी घेऊन झोपायची तिला हौस नव्हती. पण भट्टीही तिला मंजूर नव्हती. तिनं शहराच्या वस्तुसंग्रहालयाला पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं, मग स्वतः गेली. मिस्त्रीनं निवृत्त व्हायच्या आधीच्या आठवड्यात त्या पिस्तुलाची नळी बुजवून, घोड्याचं नाक कापून, ते कायमचं निकामी केल्याचा दाखला लिहून दिला. दाखल्यावर सही करताना त्यानं तो स्क्रूड्रायव्हर मागितला, आठवण म्हणून. तिनं साफ नाही म्हटलं, मला रोज लागतो, आणि चार दिवसांनी त्याच्यासाठी नवा घासून नेऊन दिला.

सात महिन्यांनी संग्रहालयाचं बोलावणं आलं. दुसऱ्या दालनात, जुन्या कुलपांच्या आणि तराजूंच्या शेजारी, काचेखाली रिव्हॉल्व्हर ठेवलं होतं. गंज तसाच, न घासलेला. खाली छापील पट्टी: शहरातील एका प्रतिष्ठित घराण्याकडून भेट, मूळ मालक सरकारी पहारेकरी.

ही माहिती कुठून आली, असं तिनं विचारलं. अधिकारी म्हणाला की त्यांच्या फाईलमध्ये सुरुवातीच्या पंचनाम्यात तसं आहे, तिच्या बंधूंनी सांगितलेलं. तिनं पिशवीतून नोंदवहीच्या पानाची नक्कल काढली. तो म्हणाला, बाई, पट्ट्या एकदम छापून येतात, पुढच्या वर्षी बदलू. ती म्हणाली की पुढच्या वर्षापर्यंत मग पिस्तूल आत ठेवा, खोट्या पट्टीखाली ते इथे राहणार नाही, आणि भेटीच्या कागदावर अजून माझी सही व्हायची आहे.

अधिकाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. सहीची जागा खरोखरच कोरी होती.

काय लिहू, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं आणि तो टाईप करत असताना मागे उभी राहून प्रत्येक शब्द तपासला. त्यानं 'कै. पहारेकऱ्यांच्या पत्नी' असं सुरू केलं होतं, ते तिनं खोडायला लावलं. शेवटी पणजीचं पूर्ण नाव आलं, त्यापुढे 'लाकडाच्या वखारीच्या मालक', आणि खाली, 'हे रिव्हॉल्व्हर त्यांनी स्वतः विकत घेतलं, स्वतः वापरलं आणि वापरल्याचं स्वतः येऊन सांगितलं.' 'मालकीण' लिहू का, असं त्यानं मधे विचारलं होतं. मालकीण म्हटलं की लोक मालक शोधायला लागतात, ती म्हणाली, मालकच लिहा.

पट्टी छापून, कापून, काचेखाली लावेपर्यंत ती तिथेच थांबली. मग तिनं कागदावर सही केली, पावती घेतली आणि पावतीवरची तारीख चुकीची होती ती दुरुस्त करून घेतली. गणवेशाच्या कारखान्यातली सहा मशिनं तिची वाट पाहत होती. शाळा सुरू व्हायला बारा दिवस उरले होते.